हप्त्याचा आकडा कुठून येतो?

कर्ज ही चीज आपल्याकडे कुणाला नवी नाही. विहिरीसाठी घ्या, बैलजोडीसाठी घ्या, ट्रॅक्टरसाठी घ्या, नाहीतर लेकीच्या लग्नासाठी घ्या. कर्ज काढताना आपण दोनच आकडे कान देऊन ऐकतो : हातात किती पडणार आणि हप्ता किती बसणार. या दोन आकड्यांच्या मधे जे गणित असते, ते मात्र पलीकडच्या माणसाचे. तो एका लहानशा यंत्राची, हल्ली संगणकाची, चार बटणे दाबतो, आकडा सांगतो आणि आपण मान डोलावतो. या आकड्याची हकीकत आज सांगायची आहे. ती गणिताची आहेच, पण त्याहून अधिक ती 'हे गणित कुणाच्या घरी होते' याची आहे.

आधी हप्ता म्हणजे काय ते पाहू. पाटी-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. एकाने १,००० रुपये काढले, दर साल दर शेकडा १० रुपये व्याजाने. तीन वर्षांत, दर वर्षाअखेर एक असे तीन सारखे हप्ते देऊन मोकळे व्हायचे आहे. हप्ता बसतो ४०२ रुपये ११ पैसे. पहिल्या वर्षाचे व्याज १०० रुपये. ते हप्त्यातून वजा जाता ३०२ रुपये ११ पैसे मुद्दलात गेले, बाकी राहिले ६९७ रुपये ८९ पैसे. दुसऱ्या वर्षी व्याज एवढ्यावरच, म्हणजे ६९ रुपये ७९ पैसे. मुद्दलात गेले ३३२ रुपये ३२ पैसे, बाकी ३६५ रुपये ५७ पैसे. तिसऱ्या वर्षी व्याज ३६ रुपये ५६ पैसे, मुद्दल फिटले ३६५ रुपये ५५ पैसे. उरले दोन पैसे, आणि तेही आपण पैशांच्या पुढचे अपूर्णांक सोडले म्हणून.

यात एक गंमत आहे. ४०२ रुपये ११ पैसे हा आकडा बरोबर आहे की नाही, हे सहावीतला मुलगा वजाबाकीने पडताळून देईल. पण हाच आकडा नव्याने शोधून काढ म्हटले, तर पुष्कळ मोठ्यांनाही घाम फुटतो. पडताळा सोपा आणि शोध अवघड, असे हे गणित आहे. ज्याला शोध जमतो तो हप्ता ठरवतो, आणि ज्याला निदान पडताळा जमतो तो फसत नाही. ज्याला दोन्ही जमत नाही, त्याचे काय होते ते पुढे येईलच.

आपल्या पूर्वजांना व्याजाचे गणित येत नव्हते असे कुणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांना महिन्याला सव्वा पण हे न्याय्य व्याज सांगितले आहे, व्यापाऱ्याला पाच, रानावनातून माल नेणाऱ्याला दहा, आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जोखीम जास्त, तसा दर जास्त. आर्यभटाने इसवी सन ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात व्याजावरच्या व्याजाचे गणित वर्गसमीकरणाने सोडवून दाखवले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातला महावीराचार्य तर कर्ज हप्त्याहप्त्याने फेडण्याची उदाहरणे घालतो. आणि आपले भास्कराचार्य! ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त त्यांनी पंचराशिकाला उदाहरण घेतले आहे तेच मुळी व्याजाचे : शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळाला वर्षाचे व्याज किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. दर केवढा झाला पाहा, वर्षाला शेकडा साठ! उदाहरणापुरता तो घेतला असेल, पण बाजारातल्या माणसाला तो अगदीच चमत्कारिक वाटला असता तर आचार्यांनी घेतला नसता, असे मला वाटते. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख तिथे सापडला आहे. म्हणजे हे गणित आपल्याच खानदेशच्या मातीत शिकवले जात होते.

धर्मशास्त्राने सावकाराला एक बांधही घालून दिला होता. त्याचे नाव दामदुप्पट. एका वेळी मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त मागता येणार नाही, म्हणजे शंभर दिले असतील तर मुद्दल-व्याज मिळून दोनशे, त्याच्या वर नाही. नियम फार शहाणपणाचा होता. ज्याला चक्रवाढ कळत नाही त्यालाही 'दुप्पट' कळते. पण त्याला पळवाट कशी निघाली, ते थोड्या वेळाने सांगतो.

आता जरा दूर, फ्रान्स देशातल्या लियाँ शहरात जाऊ. जगाच्या इतिहासात हप्त्याच्या गणिताची एक फार मोठी गोष्ट तिथे घडली. तिथे वर्षातून चार जत्रा भरत, आणि सावकारीची देवघेव जत्रेच्या जत्रेला होई. राजा दुसरा हेन्री याला लढाईसाठी पैसा हवा होता. १५५५ साली सावकारांनी त्याच्यापुढे दोन तऱ्हा होत्या त्या अशा : एक, दर जत्रेला शेकडा चार व्याज, मुद्दल तसेच उभे. दुसरी, दर जत्रेला शेकडा पाच द्यायचे आणि एकेचाळीस जत्रा झाल्या की राजा कर्जातून मोकळा. या दुसऱ्या व्यवहाराला लोक 'मोठा सौदा' म्हणू लागले. तीन वर्षांनी झाँ त्राँशाँ नावाच्या गणितज्ञाने आपल्या अंकगणिताच्या पुस्तकात हाच प्रश्न घातला : सावकारांना फायद्याचे कोणते?

आपण असे म्हणू, की पाच केव्हाही चारापेक्षा जास्त. पण गणित करून पाहिले तर दोन्ही जवळजवळ तंतोतंत सारखे निघतात. शेकडा चार दराने, पाचाचे एकेचाळीस हप्ते आजच्या घडीला शंभराच्या किमतीला येतात, फरक तीन-चार पैशांचा. म्हणजे ज्याने हा सौदा जुळवला त्याला हे गणित पक्के येत होते. नुसते चार दिले तर कर्ज सात पिढ्या फिटणार नाही, आणि चाराऐवजी पाच दिले की सव्वादहा वर्षांत नाव कमी. एकाचाच फरक! हा एक आपण लक्षात ठेवू, कारण तो पुणे जिल्ह्यात पुन्हा भेटणार आहे. राजाने पुढे हप्ते भरले नाहीत, ही गोष्ट वेगळी. दोन-तीन वर्षांतच त्याचा खजिना आटला आणि सावकार हात चोळीत बसले. यंत्र असो की कोष्टक, घेणारा देईल की नाही हे ते सांगत नाही.

हे गणित करणाऱ्यांजवळ कोष्टके असत. इतक्या दराने, इतक्या वर्षांनी, एका रुपयाचे किती होतात, याचे तयार तक्ते. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीत नोकरी करणाऱ्या पेगोलोत्तीने चौदाव्या शतकातच असे तक्ते आपल्या वहीत लिहून ठेवले होते. पण ती वही हस्तलिखित, पेढीवाल्यांच्या उपयोगाची. बाहेरच्याला त्याचा पत्ता नाही. हे तक्ते छापून चव्हाट्यावर आणले ते सायमन स्टेव्हिन याने, १५८२ साली, अँटवर्प शहरात. स्टेव्हिन हा ब्रूज गावचा. त्याने प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले आहे की, असे तक्ते काही लोकांपाशी आहेत, पण ते मोठे गुपित म्हणून दडवून ठेवले जातात. त्याने ते दडवले नाहीत. आणि दुसरी गोष्ट माझ्यासारख्या मास्तरकी करणाऱ्याला अधिक मोलाची वाटते. हे पुस्तक त्याने पंडितांच्या लॅटिनमध्ये लिहिले नाही, तर डच भाषेत, बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेत लिहिले. तीनच वर्षांनी याच गृहस्थाने दशांश अपूर्णांकांवर पुस्तिका लिहिली, तीही डचमध्येच. आज आपण रुपये-पैसे टिंब देऊन लिहितो, त्या पद्धतीच्या प्रसाराला तिचा मोठा हातभार लागला. पुढे १६१४ साली स्कॉटलंडच्या नेपियरने लॉगॅरिथमची कोष्टके काढली आणि गुणाकारांच्या राशी बेरजेवर आल्या. तेव्हापासून युरोपात हे तक्ते छापील मिळू लागले. दडवलेले गणित विकत मिळू लागले, असे म्हणा.

आपल्याकडे काय झाले? आपल्या गावच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. तोंडी हिशेबात तो मुलगा आजच्या पदवीधरालाही हार जाणार नाही. पण पंतोजींच्या त्या शाळेत बसायचे कोण? वाण्या-ब्राह्मणांची मुले, कुलकर्ण्याची मुले. कुणब्याचे पोर गुरामागे. रोखा मोडीत लिहिला जाई, आणि खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी. ज्याच्या नावाने कर्ज, त्याला आकडाही वाचता येत नाही आणि अक्षरही. कर्ज देतानाच सावकार मनोती कापून घेई, म्हणजे रोखा शंभराचा आणि हातात नव्वद-पंच्याण्णव. धान्य दिले तर सवाईने नाहीतर दिढीने परत. हे सगळे चालत आले होते. पण एकोणिसाव्या शतकात त्याला एक नवीच धार आली, आणि ती आली एका चांगल्या हेतूच्या कायद्यातून.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर दावा बुडाला. हेतू असा की, जुनी भुते उकरून सावकाराने कुळाला छळू नये. सावकाराने काय करावे? तीन वर्षे भरत आली की कुळाला बोलवावे, मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करावी आणि त्या बेरजेचा नवा रोखा लिहून घ्यावा. कालचे व्याज आजचे मुद्दल झाले. दामदुपटीची पळवाट म्हणालो ती हीच. नव्या रोख्यात सगळे मुद्दलच, तेव्हा दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आपण आकडे मांडून पाहू. दरमहा दोन रुपये शेकडा, हा त्या काळी काही मोठा दर नव्हे. शंभर रुपये काढले, मधे काही भरणा नाही. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी सुमारे २९६. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५. सरळव्याजाने हेच ३८८ झाले असते आणि दामदुपटीने २०० वर थांबले असते. कुळाने शंभरच खर्च केले आहेत, आणि नांगराची निशाणी चार वेळा काढली आहे.

आता त्याच शंभर रुपयांकडे लियाँच्या सावकाराच्या नजरेने पाहा. वर्षाचे व्याज २४ रुपये. कुळाने दर वर्षाअखेर इमानाने २४ रुपये दिले तर काय होईल? मुद्दल जागचे हलणार नाही. नातवापर्यंत २४ देत राहावे लागेल. आणि २४ च्या ऐवजी २६ दिले तर? बारा वर्षांत कर्ज साफ. मी तोंडी सांगत नाही, एकेक वर्ष मांडून पाहा : पहिल्या वर्षाअखेर बाकी ९८ रुपये, दुसऱ्या वर्षी ९५ रुपये ५२ पैसे. सुरुवातीला मुंगीच्या पावलाने उतरते. सहाव्या वर्षी ७८ वर येते, नवव्या वर्षी ५० वर, अकराव्या वर्षी साडेएकोणीस. बाराव्या वर्षी २६ सुद्धा पुरे द्यावे लागत नाहीत. वर्षाला दोन रुपये, एवढाच काय तो जन्मभराच्या आणि बारा वर्षांच्या मधला फरक! दुष्काळात हे दोन काय, पहिले चोवीसही निघत नसत हे मला मान्य आहे. पण बऱ्या वर्षी, कापूस विकून चार पैसे हाती असताना, 'दोन जादा दे म्हणजे सुटशील' हे सांगणारे त्याच्या बाजूचे कुणी नव्हते. सावकार कशाला सांगेल?

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस बंद, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने साराही वाढवला, आणि सावकाराने हात आखडला. जुन्या रोख्यांवर दावे, हुकूमनामे, जप्त्या सुरू झाल्या. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. आणि १२ मे १८७५ रोजी, हल्ली बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याला, बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून ती आग पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरली.

या दंग्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की लोक मागत होते कागद. रोखे, खते, हुकूमनामे, चोपड्या. कागद मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी सावकाराला कुणी हात लावला नाही. न दिले तर घर पेटले. माणसांना दुखापत फार थोडी झाली. त्या लोकांना चक्रवाढ म्हणजे काय हे पाटीवर मांडता आले नसते, पण आपले मरण कुठल्या कागदात आहे हे त्यांनी बिनचूक ओळखले होते. संत तुकाराममहाराजांनी वडिलार्जित सावकारीची आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा आहे. ते देणाऱ्याने आपखुशीने केले. इथे अडीचशे वर्षांनी घेणाऱ्यांनीच ती जाळली.

सरकारने चौकशीला कमिशन नेमले. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे उदाहरण त्या कमिशनच्या नोंदीत आहे. आपण नुकतेच केलेले गणित आणखी दोन-तीन रोखे पुढे न्या, म्हणजे तो आकडा कसा आला असेल याचा अंदाज येईल.

त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. हा कायदा मला हप्त्याच्या इतिहासातले मोठे पान वाटतो. त्याने न्यायाधीशाला सांगितले, रोख्यावरचा आकडा खरा मानू नकोस. मागे जा, अगदी पहिल्या देवघेवीपर्यंत. मुद्दल वेगळे मांड, व्याज वेगळे मांड, व्याजावर व्याज धरू नकोस, आणि मग जे निघेल ते हप्त्याने फेडायला सांग. शिवाय सावकाराने भरण्याची पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, आणि कुळाने मागितल्यास त्याच्या नावाचे पुस्तक ठेवून द्यायचे. म्हणजे सावकाराची चोपडी कायद्याने दोघांच्या मधे उघडी करून ठेवली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हायकोर्टात जाण्यापूर्वी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. गावोगाव जाऊन तपासणी करण्याचे काम त्यांच्याकडे असे. कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. विक्रीत व्याजच नाही, मग हिशेब कसला उघडणार? पळवाट काढण्यात बुद्धी कमी पडत नाही.

त्यानंतरच्या गोष्टी मी भराभर सांगतो. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी सरकारी तगाई आली, ठरावीक हप्त्यांची. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९०५ मध्ये मुंबई इलाख्यातली पहिली पतपेढी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळ गावी निघाली. पेढी आपली, चिटणीस आपला, तेव्हा हिशेबही आपल्यासमोर, ही कल्पना. ती पसरायला वेळ लागला. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. तिच्या समितीवर आपले धनंजयराव गाडगीळ होते. त्यात दिसले की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास, आणि सावकारांचा, धंदेवाईक व शेतकरी-सावकार मिळून, शेकडा सत्तर. बँकांतून आणि कचेऱ्यांतून त्या काळी छापील कोष्टके असत, आणि हाताने फिरवायची गणकयंत्रे. स्वीडनचे फॅसिट यंत्र पुष्कळांना आठवत असेल. मुठीने गर्रकन फिरवायचे की गुणाकार तयार. पण हप्ता ते एका फिरकीत काढीत नसे. कोष्टक लागेच.

ते कोष्टक खिशात आले १९७३ साली. अमेरिकेतल्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने 'एचपी-८०' नावाचे मुठीत मावणारे यंत्र काढले. किंमत ३९५ डॉलर, म्हणजे चैनीचीच वस्तू. पुढे १९८१ साली त्याच कंपनीचे 'एचपी-१२ सी' आले आणि ते चाळीस वर्षांहून अधिक काळ विकले गेले. एवढे दीर्घायुष्य या जातीच्या यंत्रांत विरळाच. या यंत्रांच्या वरच्या रांगेत पाच बटणे असतात. हप्ते किती ते 'एन'. एका मुदतीचा व्याजदर 'आय'. आज हातात पडलेली रक्कम 'पीव्ही'. हप्ता 'पीएमटी'. आणि शेवटी काही बाकी ठेवायची असेल तर ती 'एफव्ही'. चार भरा, पाचवे यंत्र सांगते. बस, एवढेच. पंचराशिकाचा दूरचा नातलग म्हणायला हरकत नाही.

हे यंत्र वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. हप्ता महिन्याचा असेल तर दरही महिन्याचा हवा. साल दर शेकडा १२ असेल तर १ भरायचा, १२ नाही. दुसरी गोष्ट, आलेला पैसा आणि गेलेला पैसा यांना उलट चिन्हे द्यायची. एक अधिक, तर दुसरा उणे. नवशिके इथे अडखळतात, पण ज्याने जमाखर्चाची वही पाहिली आहे त्याला यात नवल नाही. ती डावी-उजवी बाजू आणि हे अधिक-उणे, एकच. तिसरी, हप्ता महिन्याच्या शेवटी द्यायचा की सुरुवातीला, ते यंत्राला सांगावे लागते. पहिला हप्ता कर्जाच्या दिवशीच कापून घेणारे लोक आहेत, म्हणून सांगितले.

आता एक लाख रुपये, साल दर शेकडा १२, बारा महिन्यांचे बारा हप्ते. एन १२, आय १, पीव्ही १,००,०००, एफव्ही शून्य. पीएमटी दाबा : ८,८८४ रुपये ८८ पैसे. वर्षभरात व्याज गेले सुमारे ६,६१९ रुपये. पण दुकानदार सांगतो ते असे : 'एक लाखाला बारा टक्के म्हणजे बारा हजार, झाले एक लाख बारा हजार, भागिले बारा, हप्ता ९,३३३ रुपये.' ऐकायला किती सरळ! याला 'फ्लॅट' दर म्हणतात. खोट कुठे आहे? पहिला हप्ता दिल्याबरोबर तुमच्याकडे एक लाख उरलेच नाहीत. शेवटच्या महिन्यात तर नऊ हजारच तुमच्याकडे आहेत, पण व्याज मात्र पुऱ्या लाखावर. तेव्हा यंत्राला उलटा प्रश्न घाला. पीएमटी ९,३३३ भरा आणि आय विचारा. उत्तर येते महिन्याला सुमारे १.७९, म्हणजे सालाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात. आणि कागदपत्रांचा खर्च म्हणून सुरुवातीलाच २,००० रुपये कापून घेतले असतील, तर पीव्हीच्या जागी ९८,००० भरा. दर पंचवीस टक्क्यांच्या वर जातो. ही कापून घेतलेली रक्कम म्हणजे आपली जुनी मनोतीच. नाव तेवढे बदलले.

हा दर शोधण्याचे काम यंत्रालाही सोपे नाही. हप्ता काढायला सूत्र आहे. असे बरेच हप्ते असले की दर काढायला सरळ सूत्र नाही. यंत्र एक दर धरून पाहते, चूक किती पडते ते मोजते, दर दुरुस्त करते, पुन्हा धरते. जुन्या यंत्रांत आय विचारले की आकडा यायला काही क्षण थांबावे लागे, ते यामुळे. लीलावतीत 'इष्टकर्म' आहे : एक संख्या धरून चालायचे आणि मग त्रैराशिकाने दुरुस्त करायची. पद्धत तीच नव्हे, तिथे एकाच फेऱ्यात भागते, पण जात एक.

स्टेव्हिनने छापलेली कोष्टके आता साध्या मोबाइलमध्ये फुकट मिळतात. आणि भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये हुकूम काढून, त्याच वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून, किरकोळ कर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेने व वित्तसंस्थेने कर्जदाराला करारापूर्वी एक तपशीलपत्रक देणे सक्तीचे केले आहे. त्यात सगळे आकार-खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दर लिहायचा, हप्त्यांचे वेळापत्रक जोडायचे, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचे. १८७९ च्या कायद्यातल्या त्या पुस्तकाचाच हा वंशज. सावकाराकडून उचललेल्या पैशाला मात्र हे पत्रक नाही.

तेव्हा गुरुजींना एक विनंती. व्याजाचा धडा शिकवताना 'मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर' यावर थांबू नका. एका वर्गात एकच वेळापत्रक फळ्यावर लिहून घ्या. लाखाचे आत्ताचे उदाहरण चांगले आहे : हप्ता ८,८८५ धरा. पहिल्या महिन्याचे व्याज १,०००, मुद्दलात ७,८८५, बाकी ९२,११५. दुसऱ्या महिन्याचे व्याज ९२१ रुपये १५ पैसे, पुढची बाकी मुलांनी काढायची. घरात कुणाचे कर्जाचे वेळापत्रक असेल तर त्याच रीतीने एकेक ओळ खाली उतरायची. बाराव्या ओळीला बाकी शून्य आली पाहिजे. रुपया-दोन रुपये इकडे-तिकडे होतील, ते चालतील. शेकड्यांनी फरक पडला तर तो कागद घेऊन बँकेत जायचे आणि कुठल्या ओळीपाशी हिशेब तुटतो, ते बोट ठेवून विचारायचे.